आधी थरथर, मग आवाज

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी आयुष्यात एकदाच गप्प केलंय, आणि तेही त्यांच्याच काठीनं. मारून नव्हे हो! पण गोष्ट अशी आहे की ती आठवली तरी अजून माझी मान ताठ होते. माझा स्वभाव आधीच तापट, त्यात जिंकलेली गोष्ट सांगायची म्हटल्यावर मला थांबवणं अवघड.

किल्लारीचा भूकंप झाला त्या साली मी बारामतीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय भौतिकशास्त्र. आमच्या कळस गावाहून रोज एस.टी.नं जायचं आणि यायचं. आमचं घर गावाबाहेर वस्तीवर होतं. आता घर असणं यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. आमच्यात होतं. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरलेली. आई लग्न होऊन आली ती चालायलाच लागली. आज इथं तीन दगड मांडून चूल, चार दिवसांनी पाच कोसांवर दुसरे तीन दगड. पंचवीस-तीस वर्षं तिनं एका जागी महिनाभर स्वयंपाक केला नव्हता. मग आबांनी बरीचशी मेंढरं विकली, थोडी जमीन भिजायला लागली, ऊस लागला, आणि त्या साली पाडव्याला घर उभं राहिलं. दीड हात रुंदीच्या काळ्या दगडाच्या भिंती, मातीत बांधलेल्या, वर पत्रा. आत आईनं स्वतःच्या हातानं चूल घातली. तिला पोतेरं फिरवताना ती म्हणायची, "ही चूल आता मी मेल्यावरच हालंल."

पुढं सहा महिन्यांत किल्लारी झालं. त्या पहाटे आमच्याकडंही फळीवरची भांडी वाजली, पण पडलं-झडलं काही नाही. गळालं ते आमचं अवसान, तेही नंतर, पेपरातले फोटो बघितल्यावर. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून माणसं गाडली गेली होती, आणि त्या भिंती हुबेहूब आमच्यासारख्या होत्या. आबा तो पेपर हातात धरून भिंतीकडं बघत उभे राहिले. त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी आधीच कबूल करते.

तरी ते निभलं असतं. पण पौष लागला आणि आमच्या वस्तीवर रोज जमीन हलायला लागली. रोज! दुपारी साडेबाराच्या सुमाराला पायाखाली बारीक थरथर व्हायची, फळीवरच्या ताटल्या किणकिणायच्या, घागरीतलं पाणी कापायचं. झालं, सगळी वस्ती बोंब मारत बाहेर. लेकरं रडतायत, कुत्री भुंकतायत, कोण देवाचं नाव घेतंय, कोण एकमेकांना शिव्या घालतंय. जमिनीतनं गुरगुर ऐकू येते म्हणून दोघं-तिघं शपथेवर सांगायला लागले. आठव्या दिवशी आबांनी अंगणात पाल ठोकलं आणि आईला घरात पाऊल टाकायची बंदी केली. अंगणात पुन्हा तीन दगड आले. त्या तीन दगडांवर भाकरी भाजताना आई घराकडं पाठ करून बसायची.

त्यातच आबांनी जाहीर केलं, "सोमवारी गवंडी येतोय. भिंती उतरवायच्या. दगूड इकून टाकू आन् कुडाचं खोपाट घालू."

"आबा, वरीस पन न्हाय झालं नीट राहून!" मी म्हणाले.

"मग काय दगडाखाली मरायचं? तू शिकलीयास ना? सांग मग, उंद्या येनार का न्हाय भूकंप?"

आता याला काय सांगणार, कपाळ! पण त्यांचं ते 'शिकलीयास ना' मला मिरचीसारखं झोंबलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मी कॉलेज बुडवलं आणि साडेबाराला, सगळे अंगणात असताना, घरात जाऊन बसले. पुढं परातीत पाणी घेतलं, मनगटावरचं घड्याळ सोडून मांडीवर ठेवलं. खोटं कशाला बोलू, दार मी सताड उघडंच ठेवलं होतं.

परातीतलं पाणी थरथरलं. ताटल्या वाजल्या. बाहेर गलका झाला. मी दातावर दात दाबून बसून राहिले. थरथर कधीच थांबली, पाणी शांत झालं, आणि मग, चांगलं सावकाश, कुठून तरी दबका 'धुम्' आला. पत्रा किंचित वाजला. मी टुणकन उठले. रोज हा आवाज येत असणार, पण थरथर झाल्याबरोबर सगळे गळा काढून पळत सुटायचे, त्या गोंधळात तो ऐकणार कोण? आणि ज्यांना ऐकू आला त्यांनी त्याला जमिनीची गुरगुर ठरवलं.

मला एकदम आबांची काठी आठवली. लहानपणी माळावर ते काठी जमिनीत रोवायचे, तिच्यावर हनुवटी टेकायचे आणि सांगायचे, "गाडी येतीया." मी कान टवकारायची, काहीच ऐकू यायचं नाही. बऱ्याच वेळानं बैलगाडीचा खडखडाट यायचा. "जमिनीतनं आदी कळतं, वाऱ्यातनं मागनं," असं ते म्हणायचे. हेच तर होतं ते!

शुक्रवारी मी कॉलेजात गेले आणि आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना भर वऱ्हांड्यात गाठलं. सर भले माणूस. त्यांनी मला वर्गात नेऊन फळ्यावर आकृती काढून सांगितलं ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. भूकंपाच्या लाटा दोन तऱ्हेच्या. पहिली ढकलत जाणारी. अरुंद बोळात मेंढरं कोंबली आणि मागच्याला धक्का दिला की तो पुढच्यापर्यंत पोचतो, मेंढरू मात्र आपल्याच जागी चार बोटं हलतं, तशी. दुसरी आडवी हिसके देणारी, ती मागून येते आणि जास्त मोडतोड करते. दोन्ही एकाच वेळी निघतात, पण वेग वेगळे. जितकं लांबून यायचं तितकं दोघींत अंतर पडत जातं. त्या अंतरावरूनच भूकंपमापक केंद्रातली माणसं सांगतात की भूकंप किती लांब झाला. किल्लारीच्या पहाटेचं आईनं मला सांगितलं होतं, "आदी भांडी वाजली, मी उठून बसले, मग झोका बसला." ती दोन लाटांमधली फटच तिनं पाहिली होती, तिला बिचारीला ठाऊक नव्हतं इतकंच.

"तुमच्याकडं मात्र दुसरा निरोप हवेतनं येतोय," सर म्हणाले. "खडकातली लाट सेकंदाला चार-पाच किलोमीटर जाते, हवेतला आवाज एक किलोमीटर जायला तीन सेकंद घेतो. म्हणजे थरथर झाली की मोजायला लागायचं. जितके सेकंद, त्याला तीननं भागा. तितके किलोमीटर. हा भूकंप नाही, हा कुठला तरी स्फोट आहे. पण एका ठिकाणी मोजून नुसतं अंतर कळतं, दिशा नाही. तीन ठिकाणी मोजा."

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, दगडी भिंती कशा सांभाळायच्या ती. ती पुढं सांगते.

तीन ठिकाणी मोजायला तीन माणसं हवीत. मी घरात, आई एक किलोमीटर पूर्वेला आमच्या उसाच्या तुकड्यात, आबा आग्नेयेला माळावर. आबा यायला तयार नव्हते. मी म्हणाले, "काठीनं गाडी वळखायचा ती बढाईच व्हती तर!" लगेच तयार झाले. घड्याळ मात्र एकच, आणि त्या दोघांना ते बघता येत नव्हतं. मग आम्ही शुक्रवारी संध्याकाळी अंगणात बसून सराव केला. आई भाकरी थापल्यासारखी हातावर हात मारायची, सेकंदाला एक थाप. आबा मेंढरं मोजताना आपटतात तशी काठी आपटायचे, सेकंदाला एक ठोका. दोघांचाही ताल इतका पक्का की मी घड्याळ बघून थक्क झाले. मी एवढंच तपासलं. तिथंच मी चुकले, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

शनिवारी साडेबाराला थरथर झाली. घरात मी सहा सेकंद मोजले. आईनं येऊन सांगितलं, "चार." आबांनी सांगितलं, "तीन."

जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागं मी वस्तीचा नकाशा काढला. एक किलोमीटरला पाच सेंटिमीटर. घराभोवती दहा सेंटिमीटरचं वर्तुळ, आईच्या उसाभोवती पावणेसातचं. दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदली, एक उत्तरेला ओढ्यापलीकडं, एक दक्षिणेकडं माळावर. आता आबांचं वर्तुळ सांगणार होतं की खरं ठिकाण कुठलं. कंपासात पाच सेंटिमीटर घेऊन मी ते फिरवलं, आणि ते बरोबर माळावरच्या छेदावरून गेलं. मी आनंदानं ओरडलेच. "हितं! हितं उडतोय सुरुंग!"

आबांनी कागदावर वाकून बघितलं. माझं बोट होतं तिथं त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं. "हितं?" ते म्हणाले. "माजी जागा ही, आन् ही जागा माज्या म्होरं एका हाकंवर. बोडका माळ हाय त्यो. मी तिकडंच तोंड करून हुबा व्हतो. पाखरू उडलं असतं तर दिसलं असतं."

तरी मी हट्टानं त्यांना घेऊन गेले. खरंच बोडका माळ. चिपाड नाही, खड्डा नाही, दगडाला धक्का नाही. आबा त्या जागेवर उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे वर न्हाय. खालीच हाय. माळाच्या पोटात. तुज्याच कागदानं दाखवलं, पोरी."

त्यांनी मला टोमणा मारला असता तर मी भांडले असते. पण ते मनापासून घाबरले होते, आणि ती भीती माझ्या वर्तुळांनी शंभरपट केली होती. माझ्या हुशारीनं आईचं घर पाडायला पक्का पुरावा दिला होता! त्या दिवशी मी जेवले नाही. आबांनी सोमवारसाठी पहार आणि घण मागून आणून दाराशी ठेवले.

रविवारी सकाळी आई घरातली भांडी बाहेर काढत होती. मी ओसरीवर तो कागद घेऊन बसले होते आणि स्वतःवरच चिडून बडबडत होते. "घड्याळ बरुबर, ताल बरुबर, मग चुकलं कुठं?"

आईनं हातातली परात खाली ठेवली. "तुजं आबा मोजत कसं व्हतं?"

"काठी आपटून. मेंढरं मोजत्यात तसं."

"मेंढरं?" आई माझ्याकडं बघतच राहिली. "अगं येडे, मेंढरं तर ते जोडीनं मोजत्यात! दोन गेली की एक म्हनायचं. समदेच तसं मोजत्यात."

मी ताडकन उठले आणि गोठ्यापाशी गेले. आबांपुढं घड्याळ धरलं आणि म्हणाले, "आबा, कालच्यावानी मोजा. मी थांब म्हनंपतुर." काठी पडली, पडली, आणि आबा म्हणाले, "एक." परत दोन ठोके, "दोन." परत दोन, "तीन." मी थांबवलं. घड्याळात सहा सेकंद झाले होते.

"आबा! हे सा हैत, सा!"

"तीनच की. तीन जोड्या. त्यात चूक काय?" आबा म्हणाले. आणि खरंच, त्यांची काय चूक? मीच शिकलेली शहाणी, ठोके तपासले आणि आकडा विचारलाच नाही. मी तिथंच मातीत बसून खदाखदा हसायला लागले. आई पण हसायला लागली. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

मी कंपास दहा सेंटिमीटर उघडला आणि आबांचं वर्तुळ नव्यानं काढलं. माळावरची जागा त्यानं साफ सोडली आणि ओढ्यापलीकडच्या छेदावरून ते अस्सं गेलं की पेन्सिलीचं टोक तिन्ही रेघांवर एकदम बसलं. ओढ्यापलीकडं शेजारच्या गावाची शीव लागते आणि तिथं पुरुषभर उंच ऊस आहे. उसाच्या आत काय चाललंय ते आमच्या वस्तीवरनं दिसत नाही. कुणी चौकशीही केली नव्हती. विचारायचं कुणाला सुचलंच नाही, कारण उत्तर सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"चला आबा, साडेबाराच्या आत तितं पोचू," मी म्हणाले.

आबा अजून धरसोड करत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "तुमी दोगं जावा. मी घरात चुलीम्होरं बसती."

"मरायचंय का तुला?" आबा ओरडले.

"भांडी वाजली की मी मोजीन. सातव्या थापंच्या आत आवाज आला तर ती इहीर हाय न्हायतर खाण हाय, कायतरी मानसाचं हाय. न्हाय आला तर पळीन भायेर. माजं पाय काय मोडल्यात का?"

तिनं आबांच्या उत्तराची वाट बघितली नाही. सरळ आत गेली आणि पिठाचा डबा उघडला. आम्ही निघालो. ओढा ओलांडेपर्यंत मी तोऱ्यात होते, मग मी दर चार पावलांना मागं वळून बघायला लागले. काल मी अशीच खात्रीनं बोलले होते. आज चुकले असेन तर आई त्या दीड हात रुंदीच्या भिंतींत एकटी बसलेली होती, माझ्या एका वर्तुळाच्या भरवशावर.

उसातल्या पायवाटेनं आम्ही आत शिरलो आणि जरा पुढं जातोय तोच समोरून एक माणूस लाल फडकं हलवत धावत आला. "मागं व्हा! मागं व्हा! बत्ती दिलीया!"

त्या क्षणी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. उसाच्या मधोमध नवी विहीर चालली होती. भोवती काळ्या दगडाचे ढीग, कडेला पाणी उपसायचे दोन पंप. आबांनी घाईघाईनं काठी रोवली आणि तिच्यावर हनुवटी टेकली. पुढच्याच क्षणी पायाखालची जमीन आणि कानातला आवाज दोन्ही एकदम आले. इथं फट नाहीच, कारण अंतरच नाही. धूर वर आला, बारीक खडे उसाच्या पाल्यावर टपटपले. मी मात्र तिकडं बघत नव्हते. मी घड्याळ बघत होते आणि तोंडातल्या तोंडात मोजत होते. चार. पाच. सहा. आता पोचला असेल घरी.

लाल फडकेवाला तिथला मुकादम होता. तो म्हणाला, "कठीन पाशान लागलाय, म्हनून धा-बारा भोकं एकदम उडवतो. जेवायच्या आदी बत्ती द्यायची, म्हंजे भाकरी खाऊस्तवर धूर निवतो. रोजचंच हाय. कंत्राटी कामाला कसला आईतवार?"

"आन् पौषात इहीर?" आबांनी विचारलं. "इहिरी उन्हाळ्यात खनत्यात."

"मालकाला घाई हाय. पंप लावल्यात की उपसाय."

आबा विहिरीच्या कडेला उभे राहिले, आत वाकून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. ते काही बोलले नाहीत. हाच तो गप्प केलेला क्षण, आणि मी तो पुरेपूर भोगला. सांगायला लाज कसली!

परतताना ओढ्यात त्यांनी विचारलं, "म्हंजे आता भूकंप येत न्हाय?"

"ते कुनालाच सांगता येत न्हाय, आबा. मोठ्या मोठ्या शास्त्रज्ञांनाबी न्हाय. पर रोज हालत व्हतं ते काय हाय, ते आता आपल्याला ठावं हाय. आन् भूकंप आलाच तर भिंती कशा धरून ऱ्हातील ते सरांनी सांगितलंय." मग मी त्यांना ती दुसरी गोष्ट सांगितली. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा दगड सुटा राहतो, म्हणून मधूनमधून आरपार लांब जोडदगड घालायचे, आणि दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना धरून सळया घातलेला सिमेंटचा पट्टा फिरवायचा, म्हणजे घर एकजीव हलतं. आबा ऐकत चालत होते. वस्तीच्या वळणावर ते म्हणाले, "मग उंद्या गवंड्याला पाडायचं न्हाय, पट्ट्याचं सांगू. पहार आनलीया ती जोडदगडाला हुईल."

घर दिसायला लागलं तेव्हा मी पहिल्यांदा पत्र्याकडं बघितलं. पत्र्याच्या फटीतनं धूर निघत होता. अंगणातले तीन दगड गार पडले होते. मी पळत सुटले.

आई आत चुलीपुढं बसली होती. तव्यावर भाकरी फुगली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "भांडी वाजली तवा हातात भाकरी व्हती. थापीत ऱ्हायले. सहाव्या थापंला आला."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी तिच्या पाठीशी बसून लहान पोरीसारखी रडले. ती म्हणत राहिली, "अगं, रडतीस काय, बरुबर आला की!" आबा उंबऱ्याबाहेर उभे होते. आईनं पाट मांडला, ताट वाढलं आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "आत बसून जेवा."

आबांनी एकदा भिंतीवरनं हात फिरवला. मग वाकून आत आले, काठी दारामागं उभी केली आणि पाटावर बसले.